तेलाची विद्युत्-परीक्षा : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक व शाब्दिक विचार

१

इंधने व वंगणे यांचे परीक्षण विद्युत्-साधनांनी करण्याची पद्धती गेल्या सुमारे दीडशे वर्षांत हळूहळू सिद्ध झाली. तिचा इतिहास सामान्यतः भौतिकशास्त्राच्या ग्रंथांत येतो, आणि तेथे तो समीकरणांच्या आड राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. एक अंग या पद्धतीच्या वाढीचे; दुसरे अंग त्या पद्धतीबरोबर आलेल्या, तसेच तिच्या आधीपासून आपल्याकडे असलेल्या शब्दांचे. अमरावती व अकोला हे जिल्हे उदाहरणासाठी घेतले आहेत. येथील शेती, सरकीचे कारखाने, रेल्वे आणि वीज या सर्वांचे व्यवहार तेलावर अवलंबून राहिले आहेत, आणि तेल खरे की खोटे, ताजे की निकामी, हा प्रश्न येथील सामान्य माणसालाही नित्य पडतो.

लेखकाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो. विद्युत्-उपकरण तेल ओळखत नाही. तेलाचा एखादा गुण तेवढा मोजते. कोणता गुण मोजला जात आहे याचे भान सुटले म्हणजे उपकरणाने दिलेल्या आकड्यावरून भलताच निष्कर्ष निघतो. हे भान सुटण्यास शास्त्राच्या अज्ञानाइतकेच शब्दांचे अस्पष्टपणही कारण होते, असे या इतिहासावरून दिसून येते.

२

प्रथम आपल्याकडील शब्द पाहू. ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ या शब्दावरून आला आणि ‘तैल’ म्हणजे तिळाचे. मूळ अर्थाने तेल हे तिळाचेच असावयाचे. पुढे अर्थविस्तार होऊन जवस, करडई, भुईमूग, सरकी यांच्या स्नेहालाही तेच नाव मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकात जमिनीतून निघालेले द्रव्य आले तेव्हा तेही तेलच ठरले. येथे नाव मूळ वस्तूवरून पडले आणि ओघळत जाऊन दिसण्यात व वापरण्यात सारख्या असणाऱ्या सर्व द्रव्यांना लागले.

दिव्यात जाळण्याच्या खनिज तेलाला वऱ्हाडात तीन नावे ऐकू येतात : घासलेट, राकेल आणि, हिंदीच्या शेजारामुळे, मातीचे तेल. ‘घासलेट’ या शब्दाचा संबंध इंग्रजीतील ‘गॅस लाइट’ या शब्दांशी जोडण्यात येतो. ‘रॉकेल’ अथवा ‘राकेल’ या शब्दात ‘रॉक ऑइल’ म्हणजे खडकातील तेल हा अर्थ आहे. आता गंमत अशी की, ‘पेट्रोल’ हा शब्द ज्या ‘पेट्रोलियम’वरून आला त्याचाही अर्थ, लॅटिनमधून पाहता, खडकाचे तेल असाच आहे. म्हणजे पेट्रोल आणि रॉकेल हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकार्थी शब्द होत. व्यवहारात मात्र त्यांची किंमत, त्यांचा उपयोग आणि त्यांच्यापासून होणारा धोका ही अगदी निराळी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने हा भेद तेलाच्या ज्वलनांकावरून केला. २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्याची वाफ पेट घेते ते ‘अ’ वर्गाचे, २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान पेट घेते ते ‘ब’ वर्गाचे, आणि ६५ ते ९३ पर्यंतचे ‘क’ वर्गाचे. पेट्रोल पहिल्या वर्गात येते, रॉकेल दुसऱ्यात.

वंगणाची गोष्ट निराळी आहे. ‘वंगण’ आणि ‘ओंगण’ ही दोन्ही रूपे मराठीत आढळतात; हिंदीतही ‘औंगना’ हे क्रियापद गाडीच्या आखाला तेल देण्याच्या अर्थी आहे. हा शब्द यंत्रयुगाच्या पूर्वीचा असून त्याचे घर म्हणजे बैलगाडी. वऱ्हाडातील बंडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण दिले जाई. येथे नाव वस्तूवरून न पडता कार्यावरून पडले आहे. म्हणून एरंडेल जाऊन खनिज तेल आले तरी शब्दाला बाध आला नाही. इंजिनदुरुस्ती करणारा कारागीर मात्र आज ‘वंगण’ असे म्हणत नाही. तो ‘ऑइल’ म्हणतो. मराठीत आता एक सोयीची विभागणी झाली आहे : तेल खाण्याचे, ऑइल यंत्राचे. इंग्रजीत जो भेद नाही तो मराठीने इंग्रजी शब्द उसना घेऊन निर्माण केला.

या साऱ्या द्रव्यांची पारख पूर्वी इंद्रियांनी होत असे. वास, रंग, दोन बोटांत चोळून पाहिलेला चिकटपणा, कागदावर टाकलेल्या थेंबाचा डाग, या त्या कसोट्या होत. त्या आजही टिकून आहेत आणि त्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पेट्रोल पंपावर ग्राहकाला गाळण-कागदाची जी कसोटी मागता येते ती कागदावरील डागाचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

३

विद्युत्-परीक्षेचा पाया मायकेल फॅराडे यांनी १८३७ च्या सुमारास घातला. दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये हवेऐवजी लाख, गंधक किंवा काच ठेवली असता त्या पृष्ठांवर अधिक विद्युत्-भार साठतो, असे त्यांनी दाखविले. मध्ये असणाऱ्या अशा पदार्थाला नाव हवे होते. विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाने ते सुचविले : डायइलेक्ट्रिक. ह्यूएल हे शब्दांचे जाणकार होते. ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्दही फॅराडे यांना त्यांच्याकडूनच मिळाले. ‘डाय’ या ग्रीक उपसर्गाचा अर्थ ‘मधून, आरपार’. ज्याच्यामधून विद्युत्-प्रेरणा कार्य करते तो पदार्थ, असा या नावाचा अभिप्राय आहे.

मराठीत या संज्ञेसाठी ‘विद्युत् अपारक’ हा शब्द रूढ झाला. ज्यातून पार जाता येत नाही तो अपारक. ग्रीक नाव म्हणते ‘आरपार’, मराठी नाव म्हणते ‘पार नाही’. दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. विद्युत्-प्रवाह अशा पदार्थातून जात नाही; विद्युत्-क्षेत्राचा प्रभाव मात्र त्यातून पोचतो. मराठी संज्ञाकाराने प्रवाहाकडे पाहिले, ह्यूएल यांनी प्रभावाकडे. हिंदीतील ‘परावैद्युत’ ही संज्ञा या बाबतीत मूळ अर्थाच्या अधिक जवळ राहते. येथे कोणत्याही शब्दाला दोष देण्याचा हेतू नाही. वऱ्हाड ज्या मध्यप्रांतात १९५६ पर्यंत समाविष्ट होते तेथे नागपूरला डॉ. रघुवीर यांनी परिभाषेचे प्रचंड कार्य केले; पुढे महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने ती परंपरा आपल्या पद्धतीने चालविली. या सर्वांपुढे एका शब्दात एकच अंग पकडता येणे शक्य होते. परंतु तेलाच्या परीक्षेत ही दोन्ही अंगे वेगवेगळी कामे करतात. म्हणून वाचकाने हा भेद लक्षात ठेवावा.

तेलांची अशी मापे पद्धतशीरपणे घेणाऱ्यांत जॉन हॉपकिन्सन यांचे नाव महत्त्वाचे आहे. १८८०–८१ च्या सुमारास त्यांनी अनेक द्रवांचा अपारकांक, म्हणजे हवेच्या तुलनेने धारणाशक्ती किती पट होते तो आकडा, काढला. खनिज तेलांसाठी तो २.१ च्या आसपास आला. ऑलिव्हच्या तेलासाठी ३.२ च्या जवळपास. एरंडेलासाठी सुमारे ४.८. मॅक्सवेल यांच्या सिद्धान्ताप्रमाणे हा आकडा पदार्थाच्या प्रकाश-वक्रीभवनांकाच्या वर्गाइतका यावयास हवा. खनिज तेलांचा आला. वनस्पतिजन्य तेलांचा आला नाही. या विसंगतीचा उलगडा १९१२ साली पीटर डिबाय यांच्या विवेचनाने झाला. काही रेणूंत धन व ऋण भारांची केंद्रे कायमची अलग असतात, असे रेणू विद्युत्-क्षेत्रात वळतात आणि धारणाशक्ती वाढवितात. एरंडेलाचे रेणू असे ध्रुवीय आहेत. शुद्ध हायड्रोकार्बनचे जवळजवळ नाहीत.

म्हणजे बंडीच्या आखाचे जुने वंगण आणि चिमणीतील राकेल यांतील फरक हॉपकिन्सन यांच्या उपकरणाला स्वच्छ कळला असता. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल यांतील फरक मात्र त्याला मोठ्या कष्टाने कळला असता, कारण तिघांचेही अंक २ च्या थोडे अलीकडे-पलीकडे आहेत. शब्दव्युत्पत्तीने ज्यांना एक ठरविले त्यांना या मापानेही जवळजवळ एकच ठरवावे, हा योगायोग असला तरी पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

४

तेलाला विद्युत्-साधनांनी तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, क्षेत्राचा प्रभाव त्यात किती वाढतो? हे धारकतेचे माप. दुसरा, त्यातून थोडाबहुत तरी प्रवाह जातो काय? हे वाहकतेचे माप. तिसरा, किती दाबाखाली ते फुटून त्यातून ठिणगी जाते? हे भेदन-दाबाचे माप. हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या गरजांतून उत्पन्न झाले.

तिसऱ्या प्रश्नाचा संबंध वऱ्हाडच्या शेतकऱ्याशी सर्वांत निकटचा आहे, जरी ते तेल इंधन नाही आणि वंगणही नाही. विजेच्या रोहित्रात खनिज तेल भरलेले असते. ते वेटोळ्यांना थंड ठेवते आणि विद्युत्-रोध करते. ‘रोहित्र’ हा कार्यालयीन शब्द. गावात त्याला ‘डीपी’ म्हणतात आणि ‘डीपी जळाली’ हे वाक्य ऐन सिंचनाच्या दिवसांत किती चिंतेने उच्चारले जाते हे सांगावयास नको. या तेलाची परीक्षा घेताना भांड्यात दोन विद्युत्-अग्रे २.५ मिलिमीटर अंतरावर ठेवून दाब वाढवीत नेतात आणि ठिणगी पडते तो दाब नोंदवितात. तेलात ओलावा आणि त्याबरोबर सुताचे वा कागदाचे सूक्ष्म तंतू असले म्हणजे हा दाब झपाट्याने उतरतो. पारस येथे १९६० च्या दशकापासून वीजनिर्मिती चालू झाली आणि पुढे वीज खेड्यांपर्यंत पोचत गेली. तिच्याबरोबर ‘बीडीव्ही’ हे या परीक्षेचे संक्षिप्त नाव वायरमनच्या बोलीत आले. ही परीक्षा तेलाचे कूळ सांगत नाही. तेल कोरडे व स्वच्छ आहे की नाही एवढेच ती सांगते, आणि रोहित्राला तेवढेच हवे असते.

दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आले ते विमानांमुळे. शुद्ध तेलाची वाहकता इतकी अल्प असते की नळीतून वेगाने वाहताना त्यात उत्पन्न झालेला स्थिर विद्युत्-भार निचरून जाऊ शकत नाही. तो साठतो आणि ठिणगी पडण्याचे भय निर्माण होते. म्हणून विमानाच्या इंधनात वाहकता वाढविणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात आणि ती दर मीटरला ५० ते ६०० पिकोसिमेन्स या मर्यादेत आहे की नाही ते मोजतात. अमरावतीजवळील बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या विमानाचे इंधन म्हणजे अत्यंत काळजीपूर्वक शुद्ध केलेले रॉकेलच होय. विमानाच्या टाकीतील इंधन मोजणारे दर्शकही बहुधा धारकतेवर चालतात. टाकीत उभ्या केलेल्या दोन समकेंद्र नळ्यांमध्ये इंधन जितके वर चढेल तितकी त्यांची धारकता वाढते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी पडते ते ध्रुवीय द्रव्य मिसळलेले असताना. पाण्याचा अंक सुमारे ८०, इथेनॉलचा सुमारे २४ आणि पेट्रोलचा २ च्या आसपास. त्यामुळे पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे धारकतेवरून चांगले कळते. भारतात २०२५ मध्ये हे मिश्रण सरासरी २० टक्क्यांपर्यंत पोचले असल्याने या मापाचे महत्त्व वाढले आहे. तथापि इथेनॉलबरोबर पाणीही असेल तर एका आकड्यावरून दोहोंची वाटणी करता येत नाही. म्हणून मिश्र इंधनावर चालणाऱ्या मोटारीतील संवेदक धारकता, वाहकता आणि तापमान ही तिन्ही मापे एकत्र घेतो. एका साक्षीदारावर भिस्त न ठेवता तिघांच्या जबान्या ताडून पाहण्यासारखे हे आहे.

५

वंगणाची परीक्षा ही इंधनाच्या परीक्षेहून स्वभावतः भिन्न आहे. इंधन जळून जाते. वंगण यंत्रात राहते आणि यंत्राचा इतिहास साठवीत जाते. बंडीच्या आखाला दिलेले एरंडेल गळून जाई. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरातील तेलही बहुतांशी वाफेबरोबर निघून जाई. डिझेल इंजिनात मात्र तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी मार्गावरील ‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये जाऊन तेथे डिझेल इंजिन आले, हा बदल तेलाच्या दृष्टीने असा होता की, फेकून दिल्या जाणाऱ्या वंगणाच्या जागी तपासण्याजोगे वंगण आले.

अशा वंगणात काळाबरोबर तीन-चार गोष्टी घडतात. उष्णतेने ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यात आम्ले व इतर ध्रुवीय द्रव्ये उत्पन्न होतात, काजळी साचते, पाणी शिरते, झिजलेल्या भागांचे धातुकण मिसळतात. यांपैकी बहुतेक सर्वांनी अपारकांक वाढतो. म्हणून नव्या तेलाच्या तुलनेने वापरलेल्या तेलाचा अंक किती चढला यावरून ते बदलण्याची वेळ आली की नाही याचा अंदाज घेता येतो. याउलट, वंगणात इंधन गळून मिसळले तर अंक किंचित उतरतो. काजळीने चढलेला आणि इंधनाने उतरलेला आकडा एकमेकांस झाकू शकतो, आणि निकामी झालेले तेल चांगले भासू शकते. धातुकणांसाठी निराळी युक्ती आहे : तेलाचा थेंब विद्युत्-ठिणगीत जाळून त्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला म्हणजे लोखंड किती, तांबे किती हे कळते. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न या रेल्वेने १९४० च्या दशकात आपल्या डिझेल इंजिनांसाठी ही रीत प्रथम अंगीकारली.

गावातील कारागीर बोटांत तेल चोळून ‘ऑइल मेलं’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या बोटाला श्यानता आणि काजळीतील खर एकदमच कळतात. संवेदकाला त्यांपैकी एकही प्रत्यक्ष कळत नाही. त्याला ध्रुवीयता कळते. बोट आणि संवेदक हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून वेगवेगळे प्रश्न विचारणारे परीक्षक आहेत.

६

आता सर्वांत गंभीर प्रश्न : डिझेलमधील रॉकेलची भेसळ विद्युत्-मापाने पकडता येईल काय? अकोल्याजवळचे गायगाव इंधनाच्या साठ्याचे ठिकाण म्हणून परिचित आहे; तेथून, आणि अशा इतर ठिकाणांहून, टँकर निघाल्यापासून शेतकऱ्याच्या कॅनमध्ये डिझेल पडेपर्यंत अनेक हात लागतात. अनुदानित रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग असे ज्या काळात होते त्या काळात भेसळीचा मोह मोठा होता. तिचे परिणामही मोठे. इंधन-पंपातील घासणाऱ्या भागांना डिझेल हेच वंगण असते. त्यात रॉकेल मिसळले की ते पातळ होते, त्याचे वंगणकार्य घटते आणि पंप झिजतो. वऱ्हाडातून मुंबईकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गावरील मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन-भेसळीविरुद्धच्या कारवाईच्या वेळी जाळून मारण्यात आले. तेलाची परीक्षा हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नाही, हे या घटनेने महाराष्ट्राला दारुण रीतीने शिकविले.

अशा स्थितीत, खिशात मावेल असे विद्युत्-उपकरण असावे आणि त्याने जागच्या जागी निवाडा द्यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु आकडे पाहिले पाहिजेत. डिझेल व रॉकेल यांच्या अपारकांकांतील अंतर सुमारे अर्धा ते एक दशांश. दहा टक्के रॉकेल मिसळले तर मिश्रणाचा अंक अर्धा ते एक शतांश एवढाच उतरेल. इकडे तापमान एका अंशाने वाढले की तेलाचा अंक सुमारे एक सहस्रांश, किंवा त्याहून थोडा अधिक, उतरतो. अकोल्याला हिवाळ्यातील पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात तो ४५ च्या वर जातो. या ३५ अंशांच्या फरकाने शुद्ध डिझेलचाच अंक तीन ते पाच शतांश बदलेल, म्हणजे दहा टक्के भेसळीने बदलतो त्याच्या कित्येक पट. शिवाय बदलाची दिशा एकच : उष्णतेनेही अंक उतरतो, रॉकेलनेही उतरतो. तापमानाची दुरुस्ती न करता निवाडा दिला तर मे महिन्यातील दुपारी प्रामाणिक विक्रेता अपराधी ठरेल आणि जानेवारीच्या पहाटे भेसळ करणारा निर्दोष सुटेल.

त्यात भर अशी की, निरनिराळ्या खाणींच्या कच्च्या तेलापासून बनलेल्या शुद्ध डिझेलांचे अंकही काटेकोरपणे एक नसतात. घनतेच्या मापातही हीच अडचण आहे; म्हणूनच पंपावरील घनतेचा आकडा १५ अंश सेल्सिअसला आणून नोंदवितात. विद्युत्-मापालाही अशीच शिस्त लावावी लागेल, आणि घनता, श्यानता, ज्वलनांक यांपैकी एकदोन मापांची जोड द्यावी लागेल. वनस्पतिजन्य तेलापासून केलेले जैव-डिझेल मिसळले असेल तर मात्र विद्युत्-माप एकट्यानेही बरेच सांगू शकते, कारण हॉपकिन्सन यांनी पाहिलेला तोच मोठा फरक तेथे उपलब्ध असतो.

भेसळ पकडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तेलाला खूण करून ठेवणे. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग दिला जाई तो याचसाठी. २००६ मध्ये रॉकेलात एक रासायनिक खूण-द्रव्य मिसळण्याची योजना देशात सुरू झाली आणि २००८ च्या अखेरीस ती बंद झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे दोन मार्ग नामाचे आणि विशेषणाचे आहेत. खूण-द्रव्य हे तेलाला दिलेले नाव होय. ते माणसाने दिलेले असते आणि माणूस ते पुसूही शकतो. विद्युत्-माप हे तेलाचे विशेषण सांगते. ते पुसता येत नाही, पण एकच विशेषण अनेक विशेष्यांना लागू शकते.

७

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली व्यवहारातील. तेलाच्या विद्युत्-परीक्षेचा कोणताही आकडा सांगताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, कोणत्या तापमानाला घेतला आहे आणि कोणत्या नमुन्याशी ताडून पाहिला आहे, या तीन गोष्टी बरोबर सांगितल्या पाहिजेत. त्यांवाचून आकड्याला पुरावा म्हणून उभे करणे हा ग्राहकावर आणि विक्रेत्यावरही अन्याय होईल.

दुसरी गोष्ट शब्दांची. धारकता, वाहकता आणि भेदन-दाब हे तीन गुण मराठीत तीन निरनिराळ्या, स्थिर आणि सर्वत्र एकाच अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांनी सांगितले जावेत. आज पाठ्यपुस्तकात एक, कोशात दुसरा आणि कार्यशाळेत तिसरा शब्द चालतो. कारागिराचे ‘कंडेन्सर’, ‘ऑइल’, ‘बीडीव्ही’ हे शब्द शास्त्रीय परिभाषेने हद्दपार करण्याची आवश्यकता नाही. ते लोकांच्या तोंडी आहेत आणि त्यांचा अर्थ लोकांना ठाऊक आहे. आवश्यकता आहे ती त्यांची नोंद करून, त्यांपैकी प्रत्येक शब्द कोणत्या मापाशी निगडित आहे हे स्पष्ट करण्याची. अमरावती व अकोला येथील कार्यशाळा, पंप, जिनिंगचे कारखाने आणि वीज-उपकेंद्रे यांतील तेलविषयक शब्दांचा असा संग्रह झाल्यास तो कोशकाराला जितका उपयोगी पडेल तितकाच उपकरणे बनविणाऱ्यालाही. उपकरणाच्या पाटीवर लिहिलेला शब्द वापरणाऱ्याला नेमका कळला, तरच त्या उपकरणाचे उत्तर त्याला नीट वाचता येईल.